विहिरीवरचं सिम

माझे वडील वारले तेव्हा मी आठवीत होते. घरात आम्ही दोघीच उरलो, माय आणि मी. नाल्यापलीकडं दोन एकर वावर होतं, वावरात विहीर होती, विहिरीवर मोटर होती. मोटर चालू करायला माणूस मात्र नव्हता.

ज्यांनी शेती जवळून पाहिली नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. बटण तर दाबायचं! पण ते बटण गावात नव्हतं. ते विहिरीच्या कडेला एका पत्र्याच्या पेटीत होतं, आणि शेतीची लाइट कधी येईल हे कोणाच्या हातात नव्हतं. घरातला बल्ब लागला म्हणजे वावरात लाइट आली असं नसतं. घराची वेगळी, मोटरीची थ्री फेज वेगळी. ती आली की गेली, हे विहिरीवर बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून बसायचं. आली तर मोटर, नाही तर नुसतं बसणं.

मायचा उजवा गुडघा तेव्हाच कामातून गेलेला होता. नाल्यात उतरताना ती खाली बसायची आणि लहान लेकरासारखी घसरत उतरायची. मला ते पाहवायचं नाही, म्हणून मी जायचे. दप्तर घेऊन विहिरीवर बसायचे. शाळेत दुसऱ्या दिवशी सर विचारायचे, "काल काऊन नाही आली वं?" मी म्हणायचे, "सर, लाइट आली होती." वर्ग हसायचा. सर हसत नव्हते. त्यांचं स्वतःचं वावर होतं.

एका वर्षी आमचा हरभरा घाट्यावर असताना वाळला. पाणी विहिरीत होतं, पण लाइट आली तेव्हा मी परीक्षेला बसले होते आणि माय तापानं पडली होती. त्या वर्षी आम्ही दोघी दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेलो. आपलं वावर असताना दुसऱ्याच्या तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीला, लागणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत.

काकाचं वावर आमच्याला लागून आहे, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा दवाखान्यापासून वारस लावण्यापर्यंत सगळी धावपळ त्यानंच केली. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी त्याला वाईट समजेल. हरभरा गेला तेव्हा तो घरी आला. ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, वावर मले मक्त्यानं द्या. वर्षाचे काय पैसे ते ठरवू. तुम्ही घरी बसा, पोरीले शाळेत जाऊ द्या."

"भाऊजी, तुमचं खरं हाय," माय म्हणाली. "पण मी देत नाही."

"काऊन?"

"एकदा दिलं का आपण आपल्याच धुऱ्यावर पाहुणे."

काकानं कपबशी खाली ठेवली. "तुमची मर्जी," म्हणाला. तेव्हा राग नव्हता.

पुढं माय एका बियाण्याच्या कंपनीसाठी कांद्याचं बी करायला लागली. आमच्याकडं बऱ्याच घरी करतात. कांदे लावायचे, त्यांना डेंगळे फुटू द्यायचे, वर पांढरे गोंडे येतात, त्यात काळं बी भरतं. पैसा बरा असतो, पण गोंडे भरताना पाणी चुकलं की बी पोचट निघतं आणि कंपनी ते परत करते. पहिलं बी पास झालं त्या वर्षी मायनं विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला.

हा डबा बऱ्याच वाचकांनी पाहिला नसेल. मोटरीच्या पेटीला जोडलेली एक छोटी पेटी. तिच्या पोटात फोनसारखंच एक सिम असतं. आपण घरून त्या नंबरला रिंग दिली की मोटर चालू. पुन्हा दिली की बंद. लाइट आली-गेली तर डबाच आपल्याला फोन करतो आणि एक बाई हिंदीत सांगते, बिजली आ गई है, मोटर चालू है. माय तिला उत्तर द्यायची. "हाव बाई, राहू दे." मी सांगायचे की माय, ती मशीन आहे, तिला ऐकू येत नाही. माय म्हणायची, "न येऊ दे. तिनं माहं काम केलं, मी हाव बी नाही म्हणू?"

ते सिम काकानं आणून दिलं होतं. उंद्रीच्या बाजारात तेव्हा छत्री लावून सिम विकणारे बसत. काका आणि डबा बसवणारा फिटर मोटरसायकलवर गेले, काकाच्या खिशात आधार कार्ड होतं, काकाचा अंगठा लागला आणि सिम आलं. कोणाच्या नावावर झालं हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातही आला नाही. सिमला कधी नाव असतं का?

त्या डब्यामुळं माझी शाळा पूर्ण झाली. मग चिखलीचं कॉलेज, रोज एसटीनं. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पदवीधर नव्हतं, वडिलांकडं नाही, मायच्या माहेरी नाही. हे मी जिथं जाते तिथं सांगते, कोणी विचारो न विचारो.

निकालाच्या दिवशी मायनं सगळ्या वस्तीला पेढे वाटले. काका आला. पेढा हातात घेतला आणि चार माणसांत म्हणाला, "पोरगी शिकली, लय चांगलं झालं. पण आता ही नोकरीले जाईन, उद्या सासरी जाईन. वहिनी, तुमचा गुडघा तं असा. वावर कोण पाह्यते?"

माय त्या दिवशी जमिनीवर नव्हती. ती म्हणाली, "माही एकच पोरगी, पण शिकली. तुमचे तीन पोरं हायत भाऊजी, बारावीच्या पुढं कोण गेलं?"

काकाचा थोरला मलकापूरला कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे, बाकीचे दोघं शेतात. चांगली कष्टाळू पोरं. काकानं हातातला पेढा पुन्हा डब्यात ठेवला आणि निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. धुरा एकच, पण हा पूर्वेकडून यायचा, ती पश्चिमेकडून.

मला चिखलीला मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात काम मिळालं. आणि मी लागून फार दिवस झाले नसतील, तोच वरून निरोप आला की आपल्या भागातलं जुनं नेटवर्क बंद होणार. टॉवर तेच राहणार, पण त्यावरून जुनी सेवा निघणार. ज्यांच्याकडं जुनी सिमं आणि जुने बटणाचे फोन आहेत त्यांना तारखेच्या आत नव्यावर आणायचं होतं. कंपनीनं लोकांना मेसेज पाठवले होते. ते कोणी वाचले नव्हते. आमच्याकडं मेसेज वाचत नाहीत, फोन वाजला तर उचलतात. म्हणून आम्हा पोरापोरींना गावोगाव पाठवलं. टेबल, बोटाचं यंत्र, नव्या सिमांचं खोकं आणि एक कापडी फलक.

पहिल्या गावांत मी ऑफिसात शिकवलं तसंच बोलले. कोणाला काही कळलं नाही. एक म्हातारे म्हणाले, "टॉवर पाडून राह्यले का?" दुसरे म्हणाले, "पाडत नाहीत बे, इकून राह्यले." मग मी माझ्या पद्धतीनं सांगायला लागले. म्हटलं, "बाबा, टॉवर कुठी जात नाही. त्याची बोली बदलून राह्यली. तुमच्या जुन्या फोनले नवी बोली समजत नाही. तो बहिरा होईन. नवं सिम टाकलं आणि फोन नव्या बोलीचा असला का पुन्हा समजते." हे पटायचं. म्हातारे हातातल्या फोनकडं दया आल्यासारखं पाहायचे.

लोक यायचे. रागवायचे, कारण चांगला चाललेला फोन काऊन बदलायचा? त्यांचं चूक नव्हतं. ज्या फोनमध्ये बॅटरी आठवडाभर टिकते, जो विहिरीत पडून निघाला तरी चालतो, तो टाकून द्या म्हणणारी मी कोण? मी ऐकून घ्यायचे. ज्यांचा फोन नवी बोली बोलणारा होता त्यांचं सिमच बदलायचे, विनाकारण फोन घ्यायला लावत नव्हते. यावरून ऑफिसात मला बोलणीही खावी लागली. खाल्ली.

मग आमच्या गावाची पाळी आली. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल लागलं. सकाळपासून रांग. बाया, म्हातारे, सगळे आपापले फोन घेऊन. मी प्रत्येकाला विचारत होते, "विहिरीवरचं सिम आणलं का?"

"कोणतं?"

"डब्यातलं."

"ते तं डब्यात हाय."

"हाव, पण तेही जुनंच हाय ना?"

माणूस माझ्याकडं पाहायचा, मग मागच्याकडं पाहायचा. ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात नव्हती. हातातला फोन म्हणजे फोन. विहिरीवरचा डबा म्हणजे मोटर. तो बोलत नाही, त्याच्यावर कोणाचं लग्न ठरत नाही, मग तो फोन कसा? आमच्या विहिरीवर असा डबा नसता तर मलाही सुचलं नसतं. त्यात नुसतं सिम बदलून भागणार नव्हतं, डब्यातलं कार्डही नव्या बोलीचं बसवावं लागणार होतं. ते काम चिखलीचा फिटर करणार होता.

रांग मोडली. तरणी पोरं मोटरसायकलींवर वावरात पळाली आणि सिमं काढून कागदाच्या पुड्यांत घेऊन आली. मी एकेक नंबर यंत्रात घातला आणि खरी गंमत तिथं सुरू झाली.

सिम बदलायचं तर ज्याच्या नावावर आहे त्याचा अंगठा लागतो. आणि आमच्या गावातलं एकही विहिरीवरचं सिम विहिरीच्या मालकाच्या नावावर नव्हतं! बाजारातल्या छत्रीखाली ज्या दिवशी ज्याच्या खिशात आधार कार्ड सापडलं, त्याचा अंगठा लागला होता. सासऱ्याची मोटर जावयाच्या नावावर. धुऱ्यावरून भांडणाऱ्या दोघांची सिमं एकमेकांच्या नावावर. आणि सात-आठ विहिरी आमच्या गावातल्या चहावाल्याच्या नावावर, कारण बाजाराच्या दिवशी तो उंद्रीला टपरी लावायचा आणि छत्री तिच्या शेजारीच असायची. त्या माणसाकडं गुंठाभर जमीन नाही.

त्याला बोलावलं. तो गाळणं हातात घेऊनच आला.

"सात विहिरींचा मालक हाय मी?" त्यानं विचारलं.

"कागदावर," मी म्हटलं.

"मंग आजवर माह्या मोटरीनं पाणी घेतलं तुम्ही लोकाईनं!" तो सगळ्यांकडं वळून म्हणाला. "चहाचे पैसे बुडवत होते ना बे? या आता. रांगेत या."

ओसरी हसून हसून लोळली. पण त्यानं एकेकाला अंगठा दिला, आणि ज्यानं उधारी ठेवली होती त्यालाही दिला. धुऱ्याचे दोघं भांडखोर मात्र बराच वेळ एकमेकांची वाट पाहत लांब लांब उभे होते. शेवटी सरपंचबाईंनी दोघांच्या मनगटाला धरून टेबलापाशी आणलं.

मायची पाळी आली तेव्हा मी नंबर घातला आणि काकाचं नाव आलं. मला ते माहीत होतं. आणि काका रांगेत तिच्या मागंच उभा होता.

आमच्याकडं बोलणं बंद असलं तरी बोलावं लागतं. त्याची रीत आहे. तिसऱ्या माणसाकडं पाहून बोलायचं. काका माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुह्या मायले म्हणा, अंगठा देतो मी. नाही कोण म्हणते? पण यंदाचं बी निघालं का वावर माह्याकडं द्या म्हणा. गुडघा पाहा म्हणा तिचा."

माय हाताच्या अंतरावर होती. तीही माझ्याकडंच पाहून म्हणाली, "तुह्या काकाले सांग, अंगठा अंगठ्याच्या जागी, वावर वावराच्या जागी. असल्या सौद्याचा अंगठा मले नाही पाह्यजे."

"मंग मोटर बंद पडीन म्हणा."

"पडू दे म्हणा."

पडू दे म्हणणं सोपं होतं. वावरात गोंडे फुलले होते, थोड्याच दिवसांत बी भरायला लागणार होतं. पाणी चुकलं तर वर्ष गेलं. माय त्या गुडघ्यानं नाला उतरून विहिरीवर बसू शकत नव्हती आणि मी चिखलीला. वर्ष गेलं तर काकाचं खरं ठरणार, आणि वावर मक्त्यानं जाणार. हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

मी हळूच म्हटलं, "माय, माझ्या नावावर नवं सिम घेते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"काऊन पण?"

"तुह्या नावावर तुही डिग्री हाय," ती म्हणाली. "हे माह्या नावावर पाह्यजे. आज तुह्या काकाचा अंगठा, उद्या तू सासरी गेली तं जावयाचा अंगठा. माह्या मोटरीले माहा अंगठा काऊन चालत नाही?"

मी यंत्र पुढं केलं. मायनं पदराला अंगठा पुसला आणि ठेवला. यंत्राचा दिवा लाल. पुन्हा ठेवला. लाल. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. लाल, लाल. आयुष्यभर निंदून, भांडी राखेनं घासून, कांदे उपटून तिच्या बोटांवर रेघ अशी राहिलीच नव्हती.

मग सगळ्या ओसरीचे उपाय सुरू झाले. कोणी म्हणे केसाला घासा, तेल लागते. कोणी लिंबू आणलं. एका आजीनं मायचा हात हातात घेऊन उन्हात धरला आणि म्हणाली, "हे बोट नाही वं, ही तं सहाण हाय. याच्यावर चंदन उगाळा." सगळे हसले. मायही हसली. पण हात पदराखाली घेतला, आणि तो हात तिनं दिवसभर बाहेर काढला नाही.

मी चिखलीच्या आधार केंद्रावर चौकशी केली. तिथल्या बाईंनी सांगितलं की हाताला आराम दिला तर रेघा थोड्या वर येतात. भांडी नको, माती नको, साबण नको, रोज तेल. मग बोटं नव्यानं नोंदवायची. तारखेला वेळ होता, पण फार नव्हता.

मी हे मायला सांगितलं तर तिला हसू आवरेना. "हात रिकामा ठेवाले मी काय बाळंतीण हाय?"

मी सुट्टी मागितली, मिळाली नाही. गावागावांत शिबिरं चालू होती. मी पहाटे स्वयंपाक करून जायचे, पण दिवसभराची भांडी, वावरातलं निंदण, पाण्याची दारं? मोटर फोननं चालू होते, पाणी मात्र फावड्यानंच वळवावं लागतं. एका सरीचं दार बांधायचं, दुसरीचं फोडायचं. ते मायनं केलं की तेलाचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर अंगणात काकू भांडी घासत होती. काकाची बायको, आमची काकू. माय ओट्यावर हाताला तेल लावून दोन्ही पंजे वर करून बसलेली, मेंदी काढल्यासारखी.

"तुम्ही काऊन आल्या काकू?" मी म्हटलं. "काका रागवतील."

"सौदा त्याईनं केला, मी नाही केला," काकू म्हणाली. "माह्याही नावावर सिम नाही बाई. इचारलं मी काल. पोराच्या नावावर हाय. मी म्हटलं, जाऊचं तरी होऊ दे." आणि मायकडं वळून, "हात खाली नको करू वं, माती लागीन."

त्या आठवड्यात काकू रोज आली. शेजारच्या बाया निंदायला गेल्या. गल्लीत येणारं-जाणारं मायला विचारायचं, "काय वं, अंगठा पिकला का?" माय अंगठा दाखवायची. बाया तो उजेडाला धरून पाहायच्या, आंबा पाहतात तसा, आणि म्हणायच्या, "अजून दोन दिवस राहू द्या."

दारं धरायला कोण जात होतं ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं काकूनं कोणाला सांगितलं असेल. रविवारी मी वावरात गेले तर काका. धोतराचा काचा मारलेला, पायात चिखल, आमच्या कांद्यात पाणी वळवत होता. मला पाहून त्यानं फावडं थांबवलं नाही.

"सरी फुटली होती," तो म्हणाला. "पाणी माह्या वावरात येऊन राह्यलं होतं."

सरी कुठंही फुटलेली नव्हती.

थोड्या वेळानं माय आली. त्या गुडघ्यानं, नाल्यात बसून उतरून. डब्यात चहा आणला होता, हातांना फडकी गुंडाळलेली. धुऱ्यावर उभी राहिली, आणि मधे मी असताना माझ्याकडं न पाहता म्हणाली, "जय भीम भाऊजी. चहा घ्या."

काका सरळ झाला. "जय भीम वहिनी."

तिघं धुऱ्यावर बसलो. गोंड्यांवर मधमाश्यांचा आवाज होता. माय म्हणाली, "त्या दिवशी पेढा ठेवून दिला तुम्ही. माह्या तोंडून वाईट शब्द गेला. पोरं गुणाचे हायत तुमचे."

"शब्द खरा होता, म्हणून लागला," काका म्हणाला. "तिघाईले पाण्यावर मीच पाठवत होतो, वहिनी. शाळेच्या येळेले. तेव्हा माह्या विहिरीवर डबा नव्हता."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, लाइटीमुळं शाळा फक्त माझी बुडाली.

मायनं विचारलं, "मंग सौद्याचं?"

"सौद्याचं राहू द्या," तो म्हणाला. "अंगठ्याले तेल लावा."

पुढच्या आठवड्यात मी मायला घेऊन चिखलीला गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे. कंडक्टर म्हणाला, "आजी, हात भाजले का?" ती म्हणाली, "नाही बाबा, पिकाले ठेवले." आधार केंद्रात बोटं घेतली. काही बोटं आली, काही नाही. उजव्या अंगठ्याची अर्धी रेघ आली, डाव्या हाताच्या मधल्या बोटाची चांगली आली. ती नोंद पक्की होऊन यायला दिवस लागणार होते. मी रोज कामावर बसून पाहायचे, झाली का, झाली का. गावातल्या बाकीच्यांचं सिम आणि कार्ड बदलून झालं होतं. फिटरनं मला दोनदा फोन करून विचारलं, "ताई, तुमचीच एक विहीर राहिली."

नोंद झाली तेव्हा तारीख अगदी जवळ आली होती. काकाच तिला मोटरसायकलवर घेऊन आमच्या केंद्रात आला. माझ्या टेबलासमोर माय बसली, माझे साहेब शेजारी उभे. मी यंत्र पुढं केलं. उजवा अंगठा. लाल. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "डावा हात दे. मधलं बोट." तिनं ठेवलं. काका मागून म्हणाला, "दाबू नका वहिनी, नुसतं ठेवा."

हिरवं.

"आता कोणाचं नाव आलं?" मायनं विचारलं.

मी पडद्यावरचं नाव वाचलं. तिचं, मग वडिलांचं, मग आमचं आडनाव. तिला वाचता येत नाही, तरी तिनं पडदा स्वतःकडं वळवायला लावला आणि पाहत राहिली. साहेबांनी विचारलं, "मावशी, नंबर कोणता देऊ? यातला निवडा." ती म्हणाली, "कोणताही द्या. माहा हाय ना?"

त्याच दुपारी फिटरनं डब्यात नवं कार्ड आणि ते सिम बसवलं. मायनं ओट्यावरून रिंग दिली. काका विहिरीवर उभा होता. त्यानं तिथून ओरडून सांगितलं, पण तोवर फोनमधली बाई बोललीही होती.

जुनं नेटवर्क ठरल्या दिवशी बंद झालं. आमच्या गावातली एकही मोटर त्यामुळं बंद पडली नाही. मायचं बी कंपनीत पास झालं. वावर मक्त्यानं गेलं नाही, ती स्वतः करते, आणि विहिरीवरचं सिम तिच्या नावावर आहे. त्या हंगामानंतर काकूसह गावातल्या अकरा बायांनी आपापल्या नावावर सिम घेतलं. त्या सगळ्यांची बोटं यंत्रावर मी ठेवून घेतली.